आयरीनच्या पोटावरचे डाग

व्हाल्मा प्रेंटिसनं उशीचा अभ्रा माझ्या काउंटरवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जोसी, आईला आणलंय. पोट दाखवायचंय."

अभ्र्याला गाठ मारलेली होती आणि आत काहीतरी सावकाश कूस बदलत होतं. समोरच्या बाकावर एक माणूस मांडीवर मांजराचा पिंजरा घेऊन बसला होता. साखर कारखान्यात नुकताच कामाला आलेला, आमच्या टली गावात नवीनच. त्यानं अभ्र्याकडं बघितलं, मग व्हाल्माकडं बघितलं आणि पिंजरा उचलून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

"घाबरला बिचारा," व्हाल्मा म्हणाली. "आई जिवंत असतानाही लोक असेच पळायचे."

मी या प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळते, आणि माझे केस मी शाळेत असल्यापासून व्हाल्माच कापत आली आहे. त्यामुळं ती काय बोलते आणि त्यातलं खरं किती, हे मला साधारण कळतं. अभ्र्यात होती आयरीन, गालिच्यासारख्या नक्षीची अजगरीण, माणसाच्या मनगटापेक्षा जाड. आयरीन हे व्हाल्माच्या आईचंही नाव. अजगराला ते नाव ठेवलं होतं व्हाल्माच्या नवऱ्यानं, आर्थीनं. सासूनं त्याला आयुष्यभर नीट बोलू दिलं नव्हतं. ती वारल्यावर त्यानं अजगर आणला आणि बारसं केलं. व्हाल्मा त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. मग एके दिवशी त्याच्या डब्यात सँडविचच्या जागी सापाची टाकलेली कात घडी घालून ठेवली आणि अबोला मिटवला.

अशी ही बाई. घराच्या व्हरांड्यातच तिचं केस कापायचं दुकान होतं. बँकेच्या साहेबाची बायको मासिकातला फोटो घेऊन आली, "मला हुबेहूब अशी करून दे," म्हणाली. व्हाल्मानं तिचे केस कापले, आणि आरशावर तोच फोटो चिकटवून आरसा तिच्या हातात दिला. "बघ. हुबेहूब." ती बाई पुढच्या महिन्यात परत आली, कारण टलीत दुसरं दुकानच नव्हतं.

आर्थी कारखान्यात बॉयलरवर होता. त्याचं हृदय हळूहळू थकत गेलं. इस्पितळात शेवटी शेवटी त्यानं त्याच्या मित्राला, नेव्हिल टूहीला, पलंगाजवळ बोलावून सांगितलं, "आयरीनला तू घे. व्हॅलला ती आवडत नाही. वचन दे." नेव्हिलनं वचन दिलं. व्हाल्मा, म्हणजे त्यांची व्हॅल, शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "उद्याच घेऊन जा." नेव्हिल म्हणाला, "उद्या नको गं, तिला काचेची पेटी बांधायला लागेल. पावसाळा संपला की नेतो." आर्थी गेला. आयरीन राहिली.

आता दवाखान्यात काय झालं ते सांगते. आमची डॉक्टर पिप लॉरी. वयानं लहान, बोलायला सडेतोड. तिनं आयरीनला टेबलावर उताणं धरलं आणि मला म्हणाली, "जोसी, इकडं बघ." पोटाखालचे रुंद खवले, जे हस्तिदंतासारखे दिसायला हवेत, ते तांबूस-तपकिरी झाले होते. काहींच्या कडा उचललेल्या. मधेमधे पाणी भरलेले फोड, आणि शेपटीकडं एका ठिकाणी खवला निघून खालचं मांस उघडं पडलेलं.

"खवले कुजताहेत," पिप म्हणाली. "तू हिला ठेवतेस कशावर?"

"शेवाळावर. छान मऊ, ओलं शेवाळ. आणि रोज सकाळी पाणी फवारते. माझ्या ऑर्किडना फवारते ना, तसंच."

"व्हाल्मा, हा अजगर आहे. फुलझाड नाही."

"मला काय माहीत? आर्थी करायचा सगळं. मला वाटलं जंगलातली आहे, ओलाव्यात बरं वाटत असेल."

"जंगलात ती ओल्यातून उठून कोरड्या फांदीवर जाऊन बसते. तुझ्या पेटीत ती जाणार कुठं? टलीत कपाटातल्या बुटांना बुरशी येते आणि तू वरून फवारे मारतेस!"

व्हाल्मानं हळूच विचारलं, "मरेल का?"

"वेळेत आणलीस म्हणून नाही मरणार. पण सांगते तसंच करायचं."

पिपनं फोडातलं पाणी तपासायला घेतलं, अंगाच्या पुढच्या भागात एक इंजेक्शन दिलं, पुढच्या इंजेक्शनांना आणायला सांगितलं. शेवाळ आजच फेकायचं. पेटी धुऊन वाळवायची. खाली नुसता साधा कागद, आणि तो ओला किंवा घाण झाला की लगेच बदलायचा. पेटीच्या एका टोकाला उबेचा दिवा, दुसरं टोक थंड. रोज कोमट पाण्यात आयोडीन घालून त्यात पोट भिजवायचं, पाणी फिक्क्या चहाच्या रंगाचं, त्याहून गडद नाही. मग टिपून पूर्ण कोरडं करून मलम.

"टी-ट्रीचं तेल चोळू का?" व्हाल्मानं विचारलं. "माझ्याकडं बाटली आहे. कोंड्यावर रामबाण."

"चोळ," पिप म्हणाली, "आणि नेव्हिलला सांग, पेटीऐवजी खड्डा खण. सापाला ते विष आहे."

घरी हे सगळं एकटीला जमणारं नव्हतं, म्हणून मी संध्याकाळी दवाखाना सुटला की व्हाल्माकडं जायला लागले. भिजवायचा कार्यक्रम व्हायचा दुकानातल्या केस धुवायच्या बेसिनमध्ये, जिथं मान टेकायला खाच असते. आयरीन पहिल्या दिवसापासून बरोबर त्या खाचेत मान ठेवायची. व्हाल्मा तिच्याशी बोलायची ती थेट आईशी बोलावं तसं.

"हलू नको. मी सात वर्षांची असताना माझ्या गुडघ्याला आयोडीन लावलंस तेव्हा मी हलले म्हणून थोबाडीत दिली होतीस. आता तुझी पाळी."

आयरीन जीभ बाहेर काढायची.

"हो, हो. तशीच जीभ काढायचीस चर्चमध्ये, पाद्र्याच्या पाठीमागं."

खरी अडचण कोरडं करायची होती. बाहेर आठवडेच्या आठवडे धार लागलेली. दोरीवरचे टॉवेल वाळायच्या ऐवजी शेवाळायला लागले. मग व्हाल्मानं केस वाळवायचं, डोक्यावर टोपड्यासारखं उतरणारं जुनं यंत्र सुरू केलं. त्याच्याखाली साप नाही, टॉवेल आणि कागद ठेवायचे. एकदा लायब्ररीतली मॉरीन केस सेट करायला आली. तिच्या शेजारच्या खुर्चीत टोपड्याखाली टॉवेलांचा ढीग होता, आणि ढिगाखालून शेपटी बाहेर आलेली; उबेला आयरीन स्वतःच कधी जाऊन बसली कोणाला कळलं नव्हतं. मॉरीननं विचारलं, "या कोण?" व्हाल्मा म्हणाली, "पर्म करायला आलीय. तुझ्या आधी नंबर तिचा."

हळूहळू गुण येऊ लागला, तशी मी रोज न जाता अधूनमधून जायला लागले. फोड बसले. पहिली कात आली ती चिंध्या चिंध्या होऊन, पण खालचे खवले आधीपेक्षा स्वच्छ होते. पिप म्हणाली, सापाची जखम अशीच भरते, प्रत्येक कातीबरोबर थोडी थोडी मागं पडते. मधल्या काळात आयरीननं खाणं सोडलं होतं. उंदीर समोर धरला तरी तोंड फिरवायची. ज्या दिवशी तिनं पुन्हा उंदीर गिळला त्या दिवशी व्हाल्मानं मला दवाखान्यात फोन केला. काउंटरवर चार माणसं उभी होती आणि फोनमधून आवाज येत होता: "खाल्लं! आईनं खाल्लं! अख्खा!"

आणखी एक गोष्ट झाली, जी व्हाल्मानं बोलून दाखवली नाही. मलम लावून झालं की आयरीन लगेच पेटीत जात नसे. व्हाल्माच्या दंडाला वेढा घालून डोकं काखेत खुपसून पडायची. व्हाल्मा तशीच खुर्चीत बसून एका हातानं चहा प्यायची, रेडिओवर क्रिकेट ऐकायची. आर्थीच्या खुर्चीत. "सोडतच नाही मेली," असं मला सांगायची, पण स्वतः हात हलवायची नाही.

नेव्हिल दर शनिवारी यायचा. टलीत केळ्यांच्या बागेत उभं आयुष्य काढलेला, लांबडा, हळू बोलणारा माणूस. तो पेटीची प्रगती सांगायचा. चौकट झाली. मग काच आणली. मग बिजागऱ्या मिळेनात. मग मिळाल्या. आणि शेवटी विचारायचा, "कशी आहे ती?"

सुरुवातीला व्हाल्मा खरं सांगायची. मग एका शनिवारी मी तिथं असताना नेव्हिल म्हणाला, "पेटी होत आली, व्हॅल. आता नेईन म्हणतो."

व्हाल्माचा चेहरा इतका पडला की मला वाटलं कोणी गेल्याचं कळलंय. "नेव्ह," ती म्हणाली, "आता हलवता यायची नाही तिला. पुन्हा उलटलंय."

तिनं आयरीनला उचलून पोट दाखवलं. मी हादरले. दोन दिवसांपूर्वी स्वच्छ पाहिलेलं पोट जांभळ्या-तपकिरी डागांनी भरलं होतं. नेव्हिल वाकून बघत राहिला, नाक जवळ नेलं, चुकचुकला. "अरेरे. वाईट आहे गं हे. राहू दे तुझ्याकडंच." त्यानं व्हाल्मानं भाजलेला भोपळ्याचा स्कोन, तो छोटा गोडसर पाव, खाल्ला, चहा प्याला आणि गेला.

मी तिला तिथंच म्हणाले, "सोमवारी पहिल्या नंबरला आण. हे भयंकर आहे."

"आणते गं," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत न बघता.

सोमवारी आली नाही. मंगळवारी नाही. मधे आणखी एक शनिवार गेला, नेव्हिल पुन्हा बघून हळहळून गेला. शेवटी मीच तिच्या दारात गाडी उभी केली आणि दोघींना, आईला आणि मुलीला, घालून दवाखान्यात आणलं.

पिपनं डाग पाहिले. भुवया वर गेल्या. तिनं कापसाचा बोळा ओला केला, एका डागावरून फिरवला. डाग बोळ्यावर आला. खालचा खवला पांढराशुभ्र. पिपनं बोळा नाकाशी नेला.

"व्हाल्मा, शिकत असताना मी खवल्यांचे बरेच रोग पाहिले. पण ज्याला बर्गरचा वास येतो असा हा पहिलाच."

व्हाल्मा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डब्यातलं बीट, बर्गरमध्ये घालतात तेच. थोडं आयोडीन मिसळून. नुसत्या बिटाचा रंग फार गुलाबी येतो, पटत नाही."

मला हसू आवरेना. पिपही हसली असती, पण तिचा बोळा फिरता फिरता एका जागी थांबला. तिनं पुन्हा पुसलं. पुन्हा. "हा जात नाहीये."

व्हाल्मा वळली. शेपटीच्या अलीकडं, बोटाच्या पेराएवढा डाग. खवल्याची कड उचललेली.

"हा खरा आहे," पिप म्हणाली. "बिटात साखर असते, आणि तू ते तिच्या पोटावर ओलं ठेवलंस. मी काय सांगितलं होतं?"

"कोरडं," व्हाल्मा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाही हसायचं विसरायला झालं. ती टेबलाशी आली आणि आयरीनच्या डोक्यावर बोट ठेवलं. "मी खोडी काढायला गेले नेव्हिलची, आणि भोगतेय ही."

"खोडी का काढलीस?" पिपनं विचारलं.

"का म्हणजे? तो नेणार ना तिला!" मग एकदम सगळं बाहेर आलं. "घरात दुसरं कोण आहे गं हलणारं? आर्थीला वचन दिलंय त्यानं. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन मी मोड म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? आणि मीच तर म्हणाले होते, उद्या ने म्हणून!"

पिपनं मलम हातात दिलं. "मी कोणाला आपणहून काही सांगणार नाही. पण नेव्हिलनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि बीट बंद."

"बीट बंद," व्हाल्मा म्हणाली. "सॅलडमध्येसुद्धा."

त्या शनिवारी मी मुद्दाम गेले. काय होतंय ते मला बघायचंच होतं. व्हाल्मानं झग्याऐवजी आर्थीच्या अंत्यविधीला घातलेला निळा ड्रेस घातला होता. नेव्हिलची पिकअप आली, आणि मागं एक मोठी लाकडी चौकट, ताडपत्रीनं झाकून बांधलेली. ती बघून व्हाल्मानं माझा हात पकडला.

नेव्हिल व्हरांड्यात आला, टोपी काढली. तो काही बोलायच्या आत व्हाल्मानं सुरुवात केली.

"नेव्ह, बस. मधे बोलू नको. ती बरी झालीय. केव्हाच. ते डाग मी काढले होते, बिटानं. आता एक खरा डाग आहे, तोही माझ्यामुळंच. मी तुला फसवलंय. आणि ती मी तुला देणार नाही. आर्थीला तू दिलेलं वचन मोडलं तर पाप माझ्या डोक्यावर. बोल आता काय ते."

नेव्हिलनं हातातली टोपी एकदा गोल फिरवली. मग म्हणाला, "सडक्या खवल्यांना एक वास येतो, व्हॅल. नाकात बसला की जात नाही. आर्थीनं आणि मी मिळून किती साप पाळले, विसरलीस? तुझ्या आयरीनला पहिल्या दिवसापासून सँडविचचा वास येत होता."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

नेव्हिलनं रस्त्याकडं बघितलं, जशी त्याची बायको तिथं उभी राहून ऐकत असेल. "ग्वेननं सांगितलंय, घरात साप आला तर ती टाउन्सव्हिलला बहिणीकडं जाईल, कायमची. आर्थीसमोर नाही म्हणवलं नाही मला. तो असा बघत होता... मग मी रोज प्रार्थना करायचो, तुझं बीट संपू नये."

"आणि पेटी? चौकट? बिजागऱ्या?"

"कसली पेटी," नेव्हिल म्हणाला.

मी पायऱ्या उतरून पिकअपजवळ गेले आणि ताडपत्रीची कड उचलली. आत कोंबड्यांचं खुराडं होतं. नवंकोरं, ग्वेनच्या कोंबड्यांसाठी. दुकानातून घरी नेता नेता तो इथं थांबला होता.

मला वाटलं आता दोघं हसतील. नेव्हिल हसायलाही लागला होता. पण व्हाल्मा उठली, बशीतला स्कोन उचलला आणि नेम धरून त्याच्या छातीवर मारला.

"तू आधी बोलला असतास तर हिच्या पोटावर मी ते घाणेरडं बीट लावलं असतं का रे? तुझ्या भित्रेपणापायी माझ्या आईला पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागताहेत! आणि मी मूर्ख, दर शनिवारी तुझ्यासाठी ताजे स्कोन भाजतेय!"

"चांगले असतात गं ते," नेव्हिल म्हणाला, आणि शर्टावरचा चुरा वेचून तोंडात टाकला.

दुसरा स्कोन त्याच्या कानावर लागला.

मग मात्र तिघंही हसलो. हसता हसता व्हाल्मा रडली, नेव्हिलही थोडा रडला, आणि मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर दोघांची वचनावर चर्चा चालली होती. व्हाल्माचं म्हणणं, आर्थी खट होता, शब्दात पकडेल. नेव्हिलचं म्हणणं, शब्दातच पकडणार असेल तर शब्दातूनच सुटावं. त्यानं आयरीनला मागितलं. व्हाल्मानं ती त्याच्या हातावर ठेवली. नेव्हिलनं वर छताकडं, मग जरा विचार करून कारखान्याच्या धुराड्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आर्थी, घेतली रे. सांभाळली. आता चांगल्या घरी देतो." आणि परत व्हाल्माच्या हातावर ठेवली. आयरीननं तेवढ्यात त्याच्या पँटवर घाण केली. सापाची घाण किती असते आणि तिचा वास कसा असतो, हे ज्यानं सोसलंय त्यालाच माहीत. व्हाल्मा म्हणाली, "पावती मिळाली."

तो खरा डाग बरा व्हायला कोरडे दिवस उजाडले. मलम, आयोडीन, कागद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी मदतीला जायची गरज नव्हती तरी जात होते. पिपनं शेवटचं तपासलं तेव्हा पोटावर फक्त एक वाकडा खवला उरला होता. तो तसाच राहील, म्हणाली, काही बिघडत नाही. थंडी संपताना आयरीननं कात टाकली ती अखंड, डोळ्यांवरच्या पारदर्शक झाकणांसकट, मोज्यासारखी उलटी निघालेली.

व्हाल्मानं दुकान आता बंद केलंय, पण बेसिन काढलेलं नाही. दुपारी ऊन व्हरांड्यात आलं की ती आयरीनला गळ्यात घालून बसते आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना मोठ्यानं हाका मारते. नेव्हिल अजून शनिवारी येतो. आताशा ग्वेनही त्याच्याबरोबर येते, पण गाडीतून उतरत नाही. काचा गच्च वर करून आत बसून असते. व्हाल्मा चहा घेऊन पिकअपपर्यंत जाते, आयरीनला मुद्दाम खांद्यावर ठेवूनच. ग्वेन काच खाली घेते, बरोबर कप आत येईल तेवढीच, कप ओढून घेते, काच वर. आणि आतून, ओठांवरून स्पष्ट कळेल असं, एक शब्द म्हणते, जो मी इथं लिहीत नाही. व्हाल्मा मान लववून "तुलाही" म्हणते आणि परत येऊन खुर्चीत बसते.